दारू पिऊन गाडी चालवल्याचं चालान : कोर्टात काय होतं?

इंदूरमध्ये विजयनगर असो की राजवाडा, हेल्मेटचं चालान जागीच भरून सुटता येतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 चं, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवल्याचं चालान मात्र पोलीस मिटवू शकत नाहीत. ते मॅजिस्ट्रेटसमोरच जातं.

मर्यादा 100 मि.ली. रक्तात 30 मि.ग्रॅ. अल्कोहोल. पहिल्या गुन्ह्याला 10,000 रुपये दंड, 6 महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. लायसन्सवरही गदा येऊ शकते.

पेशीला (कोर्टातल्या तारखेला) मॅजिस्ट्रेट आरोप सांगून 'कबूल आहे का?' विचारतात. इथेच घाई नडते. 'हो' म्हटलं की दोषसिद्धी नोंदवली जाते आणि पुढच्या वेळी तोच गुन्हा दुसरा ठरून कैदेची मर्यादा 2 वर्षांवर जाऊ शकते. म्हणून आधी कागद बघा: श्वास तपासणाऱ्या मशीनच्या पावतीवर वेळ आणि आकडा आहे का? अटक झाली असेल तर 2 तासांच्या आत डॉक्टरी तपासणी झाली का? कलम 202 प्रमाणे नाही झाली, तर कोठडीतून सोडावंच लागतं. (केस त्यामुळे आपोआप संपत नाही, हे वकील क्वचितच सांगतात.)

नाकबूल केलंत तर साक्षीपुरावा होतो, तारखा पडतात. समन्स मिळूनही गेला नाहीत, तर वॉरंट निघू शकतं. गाडी जप्त असेल तर आरसी आणि विम्याचे मूळ कागद सोबत ठेवा.