कार्ल्याची एकवीरा आई: दर्शन घ्या, पण लेणं बघितल्याशिवाय उतरू नका

दादाचं लग्न झालं, म्हणजे जोडप्याने कुलदैवताला जाणं आलंच. आम्ही सीकेपी (चांद्रसेनीय कायस्थ प्रभू), त्यामुळे कार्ल्याची एकवीरा. दादा-वहिनी, आई, मावशी आणि मी असे दादरहून निघालो. दादाला गाडी काढायची होती पण सुट्टीच्या दिवशी एक्सप्रेसवेवर खंडाळा घाटात काय होतं ते मुंबईकराला वेगळं सांगायला नको, म्हणून इंद्रायणीचं रिझर्वेशन केलं. पहाटे सीएसएमटीहून सुटते, दादर, ठाणे, कल्याण घेते आणि उन्हं चढायच्या आत लोणावळ्याला सोडते. घरात म्हातारी माणसं असतील तर डोळे झाकून ट्रेन.

लोणावळ्याहून पुढे दोन रस्ते. पुण्याकडची लोकल पकडून पुढच्याच स्टेशनला, मळवलीला उतरायचं आणि तिथून रिक्षा, किंवा लोणावळा स्टेशनवरूनच थेट रिक्षा, साधारण दहा-अकरा किलोमीटर. लोकल स्वस्त पडते पण मोठ्यांना घेऊन जिने चढउतार करण्यापेक्षा आम्ही रिक्षाच केली. जायचे-यायचे मिळून भाडं आणि वर थांबायचा वेळ आधीच बोलून घ्या, नंतर वाद नकोत. आणि रिक्षावाल्याला वरच्या पार्किंगपर्यंत न्यायला सांगा, पायथ्यापासून चढलात तर शेकडो पायऱ्या आहेत, वरून निघालात तर बऱ्याच वाचतात.

पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंनी दुकानंच दुकानं. पेढे, चिक्की, ओटीची ताटं, आईचे फोटो, लहान मुलांची खेळणी. प्रत्येक दुकानदार "चपला इथे काढा, फुकट आहे" म्हणून बोलावतो आणि चपला काढल्या की ओटी घ्यावीच लागते. मावशी असल्या गोष्टींना पुरून उरते. खण, नारळ, हिरव्या बांगड्या घरून आणलेल्या, वेणी आदल्या संध्याकाळी दादरच्या फूलमार्केटातून घेऊन ओल्या फडक्यात गुंडाळलेली. "ओटी आहे हो माझ्याकडे, तुम्ही आपलं लिंबू सरबत द्या." चपला अगदी वर गेल्यावरच काढा, उन्हात पायऱ्या भाजतात. माकडं हातातली पिशवी सरळ ओढून नेतात, प्रसाद सॅकच्या आत ठेवा.

आमच्या पुढे एका कोळीवाड्यातला मोठा ग्रुप होता, सगळ्यांचे एकसारखे टीशर्ट, बायका दागिने घालून नटलेल्या, बेंजोवाला बरोबर आणलेला. आगरी-कोळ्यांची ही आई, त्यामुळे इथे शांत शांत दर्शन वगैरे अपेक्षा ठेवून जाऊ नका, रांगेतच नाच सुरू होतो आणि मजा येते. पाचेक मिनिटांत मावशीनेही पदर खोचला. गाभाऱ्यात मात्र थांबू देत नाहीत. एकवीरा आई आणि शेजारी जोगेश्वरी, दोघींची ओटी भरायची असते हे लक्षात ठेवून सामान आणा, आमच्याकडे सुदैवाने दोन खण होते. पुढे सरका, पुढे सरका चालू असतं तेव्हा पिशवीत शोधाशोध करायला वेळ मिळत नाही, नोटा आणि नारळ हातात काढूनच ठेवा. २०२५ पासून देवळात ड्रेसकोड आहे, शॉर्ट्स, फाटकी जीन्स वगैरे नको.

दर्शन झालं की निम्मी माणसं फोटो काढून खाली उतरतात, आणि माझा वाद आहे तो इथेच. आई बसलीये ती कार्ला लेण्यांच्या तोंडाशी, अक्षरशः दारात. लेण्याकडे तोंड करून उभे राहिलात की डावीकडे सिंहस्तंभ दिसतो, वर चार सिंह पाठीला पाठ लावून. उजवीकडेही तसाच खांब असावा असं अभ्यासक मानतात, आणि नेमकं त्याच जागी देऊळ उभं आहे. पांडवांनी एका रात्रीत देऊळ बांधलं ही कथा मावशी वहिनीला सांगत होती तेव्हा मी गप्प होते, पण लेण्याच्या आतला चैत्य, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनागृह, बघून मावशीच म्हणाली, "हे एका रात्रीचं काम नव्हे गं."

पुरातत्त्व खात्याचं तिकीट २५ रुपये, संध्याकाळी पाचला बंद होतं. देशातला हा सगळ्यात मोठा कोरीव चैत्य, दारापासून आतपर्यंत लांबी जवळपास १२४ फूट, दोन हजार वर्षांपूर्वीचा. मान वर करून छत बघाच, कमानीसारख्या ज्या पट्ट्या दिसतात ना, त्या दगडाच्या नाहीत, लाकडाच्या आहेत आणि मूळच्याच आहेत. खांबांच्या डोक्यावर गुडघे टेकून बसलेले हत्ती, त्यांच्यावर जोडपी. वहिनी प्रत्येक जोडीचे दागिने बघत बसली, एकीच्या पायातले जाड वाळे तर आपल्या आजीच्या पिढीत घालायचे तसेच. खांबांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, त्यात धेनुकाकट गावचे यवन, म्हणजे त्या काळचे ग्रीक, पण आहेत. व्हरांड्यात वैजयंतीच्या भूतपाल शेठचा लेख आहे, हे शैलगृह (दगडात कोरलेलं घर) जंबुद्वीपात, म्हणजे भारतात, उत्तम आहे असं बिनधास्त लिहून ठेवलंय, आणि आत उभं राहिल्यावर शेठला नावं ठेवावीशी वाटत नाहीत. आत अंधार असतो, मोबाईलचा टॉर्च लागतो.

गर्दीचं म्हणाल तर नवरात्र आणि चैत्रात सप्तमीच्या पालखीला लाखोंनी लोक येतात, कोळीवाड्यांतून पालख्या घेऊन चालत येणारे असतात. तो माहोल बघायचा असेल तर जरूर जा, पण नव्या जोडप्याला निवांत ओटी भरायची असेल तर मधला वार पकडा, मंगळवार-शुक्रवार टाळून. पावसाळ्यात डोंगर हिरवागार आणि पाण्याच्या धारा वाहत असतात, पण पायऱ्या शेवाळतात, जुने गुळगुळीत तळव्याचे बूट घालू नका.

जेवण खाली, कार्ला फाट्याच्या बाजूला भरपूर हॉटेलं आहेत. मानाचं मटण करणारे लोक पायथ्याशी चुली मांडतात, आमचं मात्र पिठलं-भाकरीवर भागलं. परतीला लोकलचं टाइमटेबल आधी बघून घ्या, दुपारी मळवलीहून लोणावळ्याकडे बराच वेळ गाडीच नसते. वेळ उरलाच तर मळवली स्टेशनच्या पलीकडे भाजे लेणी आहेत, गुडघे धड असणाऱ्यांनी तिकडे जावं आणि बाकीच्यांनी लोणावळ्यात चिक्की घेऊन संध्याकाळची इंटरसिटी किंवा इंद्रायणी पकडावी. तिचं रिझर्वेशन जातानाच्या तिकिटाबरोबरच करून टाका, रविवारी जनरलमध्ये पाय ठेवायला जागा नसते.