हिवाळी लीगचे वेळापत्रक आणि मावळता उजेड: माझा अनुभव

आमच्या मुलांच्या फुटबॉल लीगचे सचिवपद माझ्याकडे आले, ते केवळ आधीच्या सचिवांनी ते सोडले आणि त्या बैठकीत मी दाराजवळ बसलो होतो म्हणून. माझ्या हाती एक जाडजूड वही, शिट्ट्यांची पिशवी, हवा भरण्याचा पंप आणि दोन पानांची नियमावली आली. बारा वर्षांखालील आठ आणि चौदा वर्षांखालील आठ असे एकूण सोळा संघ, एकच मैदान आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून फेब्रुवारीच्या शेवटापर्यंतचे १७ रविवार, एवढ्या सामग्रीवर हिवाळी मोसम पार पाडायचा होता. फुटबॉल मला बऱ्यापैकी कळतो, अशी तोवर माझी समजूत होती.

साखळी सामन्यांचे वेळापत्रक बसवण्याची जुनी रीत सोपी आहे. एक संघ जागेवर ठेवायचा आणि उरलेले सात त्याच्याभोवती एकेक घर पुढे सरकवायचे, की सात फेऱ्यांत प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ पडते आणि २८ सामने होतात. परतीच्या फेऱ्या धरून चौदा फेऱ्या आणि ५६ सामने, म्हणजे दोन्ही गटांचे मिळून ११२. चौदा फेऱ्यांसाठी १७ रविवार आहेत, तेव्हा तीन हाताशी राहतात, असा हिशेब करून मी निर्धास्त झालो. त्या तिनांपैकी दोन परीक्षांनी आणि एक सुट्ट्यांनी आधीच नेला होता, हे मोसम सुरू झाल्यावर लक्षात आले. वेळापत्रकात एकही मोकळा रविवार नव्हता, आणि ही माझी पहिली व सर्वांत महागात पडलेली चूक होती.

दुसरी चूक दिवसाच्या हिशेबात होती. लहान गटासाठी आम्ही मोठ्या मैदानावर आडवी दोन छोटी मैदाने आखत असू, त्यामुळे त्यांचे चार सामने दोन तासांत उरकत. मोठ्या गटाला मात्र पूर्ण मैदान लागे. तीस-तीस मिनिटांचे दोन डाव, दहा मिनिटांचे मध्यंतर आणि संघ बदलायला पंधरा मिनिटे धरली की एका सामन्याला ८५ मिनिटे आणि चार सामन्यांना पाच तास चाळीस मिनिटे. सकाळी साडेआठला पहिली शिट्टी वाजली तर दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी सगळे संपते. कागदावर हे छान दिसत होते. धुक्यामुळे पहिली शिट्टी पावणेदहाला वाजली की शेवटचा सामना संध्याकाळी साडेपाचला टेकतो, याचा विचार मी केला नव्हता. डिसेंबरच्या शेवटी दिवस सर्वांत लहान असतो, तो पार केला की सुटलो, असेही मी सर्वांना सांगत होतो. प्रत्यक्षात सर्वांत लवकरचा सूर्यास्त त्याच्या आधी येऊन जातो, तर सर्वांत उशिराचा सूर्योदय त्यानंतर, जानेवारीत असतो. त्यामुळे आमच्या संध्याकाळी सुधारू लागल्या तेव्हा सकाळी आणखी बिघडत होत्या.

धुक्यासाठी आम्ही एक साधी कसोटी ठेवली होती. पंचाने मध्यवर्तुळात उभे राहून दोन्हीकडे पाहायचे आणि दोन्ही गोलांचे खांब स्वच्छ दिसले तरच शिट्टी वाजवायची. कसोटी चांगली होती, पण ती कोणी आणि किती वाजता घ्यायची हे लिहिलेले नव्हते. एका रविवारी दहा वाजेपर्यंत सगळे थांबलो. मुले थंडीत उड्या मारत होती, पालक दर पाच मिनिटांनी माझ्याकडे येत होते आणि शेवटी संपूर्ण फेरी रद्द करावी लागली, तीही सर्वांना घरून बोलावून घेतल्यानंतर. पुढे आम्ही वेळ ठरवली: सकाळी सात वाजता मी आणि त्या दिवसाचा मुख्य पंच मैदान पाहणार, सव्वासातला प्रत्येक संघाच्या प्रशिक्षकाला निरोप जाणार आणि त्यानंतर निर्णय फिरणार नाही. दोनदा आमचा निर्णय चुकला आणि नऊ वाजता लख्ख ऊन पडले. त्याबद्दल बोलणी खाल्ली, पण भिजलेल्या बुटांनी परत जाणारी मुले तरी पाहावी लागली नाहीत.

ज्या सामन्याने माझी झोप उडवली, तो डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातला, मोठ्या गटातला, दिवसातला शेवटचा. सकाळच्या धुक्यामुळे सगळे सव्वा तास मागे सरकले होते. एक संघ एका गोलने पुढे होता. दुसऱ्या डावात चेंडू उंच उडाला की तो आभाळात विरून जायचा आणि खाली येताना अचानक डोक्याशी प्रकट व्हायचा. ४७व्या मिनिटाला पिछाडीवरच्या संघाच्या गोलकीपरने दोन्ही हातमोजे वर केले आणि मला चेंडू दिसत नाही, असे तो पंचांना ओरडून म्हणाला. पंचांनी खेळ थांबवला, दोन्ही कर्णधारांना बोलावले, एकवार आभाळाकडे पाहिले आणि लांब शिट्टी दिली. निर्णय अचूक होता. पुढे काय, हा प्रश्न माझ्याकडे आला आणि माझ्या दोन पानांच्या नियमावलीत जर्सीच्या रंगावर एक पूर्ण परिच्छेद होता, पण अर्धवट राहिलेल्या सामन्यावर एक ओळही नव्हती.

फुटबॉलच्या नियमांपैकी सातव्या नियमात याचे उत्तर आहे: स्पर्धेच्या नियमावलीत वेगळी तरतूद नसेल, तर अर्धवट थांबलेला सामना पुन्हा खेळवायचा असतो. मी तेच केले. मोकळा रविवार नव्हताच, म्हणून एका मधल्या वाराची दुपार काढली. त्या दिवशी आघाडीवर असलेल्या संघाची तीन मुले परीक्षेमुळे आली नाहीत, राखीव खेळाडूही जमले नाहीत आणि संघ आठ जणांनिशी उतरला. नियमाप्रमाणे सात खेळाडू असले तरी सामना सुरू होऊ शकतो, त्यामुळे तो झाला आणि ते दोन गोलांनी हरले. त्यांच्या प्रशिक्षकांनी सामन्याचा कागद सही करून माझ्या हातात दिला आणि काही न बोलता चेंडू गोळा करायला गेले. ते भांडले असते तर मला बरे वाटले असते.

त्या हिवाळ्यात पंचांचाही प्रश्न उभा राहिला. लहान गटाचे सामने आम्ही मोठ्या, सतरा-अठरा वर्षांच्या मुलांना देत असू. त्यांना अनुभव मिळतो आणि लीगलाही पंच मिळतात. त्यांतल्या एका मुलीला एका ऑफसाइडवरून एका पालकाने सगळ्या मैदानासमोर सुनावले. ती सामना पूर्ण खेळवून गेली, शिट्टी माझ्या टेबलावर ठेवली आणि पुढच्या रविवारी आली नाही. त्यानंतर आम्ही मैदानाच्या एका बाजूला, रेषेपासून तीन पावलांवर दोरी बांधली. पालक दोरीमागे आणि संघांचे बाक समोरच्या बाजूला. प्रत्येक संघाने एका पालकाला दोरीपाशी उभे करायचे आणि आवाज चढला तर त्यानेच जाऊन बोलायचे, पंचाने नाही. अनोळखी माणसाने सांगितलेले लोक ऐकत नाहीत, पण आपल्याच मुलाच्या संघातल्या दुसऱ्या मुलाच्या आईने सांगितले की निमूट मागे सरतात. ती मुलगी मात्र परत आली नाही, दोनदा निरोप पाठवूनही.

थंडीने शिकवलेल्या काही गोष्टी किरकोळ वाटतात. घरात २० अंशांना ०.८ वातावरण दाबापर्यंत भरलेला चेंडू पाच अंशांच्या सकाळी साधारण ०.७ वर येतो, कारण आतली हवा आकसते; मुले म्हणतात चेंडू मेला आहे आणि त्यांचे बरोबर असते. हवा मैदानावर पोचल्यावरच भरावी, हे मला तीन तक्रारींनंतर सुचले. बाकावर बसलेल्या राखीव मुलांकडे मात्र मी उशिराच पाहिले, याची खंत आहे. घामेजलेले मूल बाहेर काढले की दहा मिनिटांत ते कुडकुडू लागते आणि परत आत पाठवले की त्याचे स्नायू आखडलेले असतात. मुलांच्या फुटबॉलमध्ये बदली होऊन बाहेर गेलेला खेळाडू पुन्हा आत येऊ शकतो, अशी मुभा स्पर्धेला देता येते. ती आम्ही घेतली आणि नोंदवलेल्या प्रत्येक मुलाने किमान एक डावभर खेळलेच पाहिजे, असे बंधन घातले. बाकावर अंगभर जाकीट सक्तीचे केले. हलवता येणारे गोल जमिनीला पक्के जखडलेले असावेत, हे तर पहिल्याच नियमात लिहिलेले आहे, तरी पावसाने भिजलेल्या मातीत खुंट्या हलू लागल्या आहेत हे एका मुलाने आडव्या खांबाला लोंबकळून दाखवेपर्यंत आमच्यापैकी कोणी पाहिले नव्हते. सुदैवाने त्याला काही झाले नाही. त्या दिवसापासून खुंट्यांच्या जोडीला वाळूच्या पोत्यांनी गोल दाबले जातात आणि पहिल्या सामन्याआधी पंच ते हाताने हलवून पाहतो.

दुसऱ्या मोसमाच्या तयारीला मी ऑगस्टमध्येच बसलो. या वेळी आधी प्रत्येक रविवारची सूर्यास्ताची वेळ वहीत लिहिली आणि तिच्या अर्धा तास आधी शेवटची शिट्टी अशी रेघ मारली. परतीच्या फेऱ्या काढून टाकल्या. सात फेऱ्या सर्वांनी सर्वांशी खेळायच्या, मग वरचे चार आणि खालचे चार असे दोन गट करून आणखी तीन फेऱ्या, एकूण दहा. हाताशी चौदा रविवार होते, म्हणजे चार मोकळे राहिले, आणि ते मी प्रत्येक महिन्यात एक असे विखरून ठेवले. शेवटी एकत्र ठेवले असते तर गळालेले सामने साचून फेब्रुवारीत एकदम अंगावर आले असते. सामने कमी झाल्याने काही पालक नाराज झाले. त्यांचे म्हणणे मला पटत होते, तरी रद्द झालेल्या चौदापेक्षा खेळलेल्या दहा फेऱ्या मला बऱ्या वाटल्या. दिवसातला शेवटचा सामना कोणाच्या वाट्याला किती वेळा आला याचा वेगळा तक्ता केला, कारण पहिल्या वर्षी एका संघाला तो सहा वेळा आणि दुसऱ्याला एकदाच आला होता, आणि हे माझ्या नकळत घडले होते.

नियमावली दोनाची सहा पाने झाली. अर्धवट सामन्याच्या कलमावर प्रशिक्षकांच्या बैठकीत सर्वाधिक वेळ गेला. काहींना अर्धा सामना झाला तरी निकाल ग्राह्य हवा होता, काहींना शेवटच्या मिनिटापर्यंत नको होता. अखेर तीन चतुर्थांश, म्हणजे मोठ्या गटात ४५ मिनिटे, हा आकडा ठरला. त्याच्या आत थांबला तर पुढच्या मोकळ्या रविवारी पहिल्यापासून. आकडा मी फळ्यावर लिहिला तेव्हा आठ खेळाडूंनिशी हरलेल्या संघाचे प्रशिक्षक माझ्या समोरच बसले होते. त्यांचा सामना ४७व्या मिनिटाला थांबला होता, हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते. त्यांनी हात वर करून कलमाला अनुमोदन दिले.

त्या मोसमात एकच सामना अर्धवट राहिला, जानेवारीत, अवेळी आलेल्या पावसाने, ३१व्या मिनिटाला. पंचांनी शिट्टी दिल्यावर दोन्ही प्रशिक्षक टेबलाशी आले, घड्याळात पाहिले, कागदावर मिनिट लिहून सह्या केल्या आणि मोकळ्या रविवारची वेळ विचारून आपापल्या मुलांना घेऊन निघाले.