तोपीयो आणि टोपी

मराठी माणूस फसवायला निघाला की त्याच्या हातात काही ना काही वस्तू असतेच. तो चुना लावतो, शेंडी लावतो, गंडा घालतो, तोंडाला पानं पुसतो. घाईत असला तर नुसती टोपी घालतो. मेक्सिकोच्या बोलीत फसवणुकीला ‘तोपीयो’ असा एक शब्द आहे. आपल्या टोपीशी त्याचं नातं नाही, तो नुसता कानाला होणारा भास. पण अमेरिकेच्या सीमेवरच्या सियुदाद ह्वारेस गावात एक रेडिओ नट आधी ‘तोपीयो तापास’ या नावानं ओळखला जात होता, हे कळल्यावर पुढचं सगळं जुळून येतं. त्याचं खरं नाव हेर्मान वाल्देस. १९४३मध्ये तो पाको मिलर नावाच्या शब्दभ्रमकाराच्या फिरत्या कंपनीत शिरला आणि मिलरनं त्याचा ‘तिन-तान’ केला. सहा वर्षांनी या तिन-ताननं असा एक भामटा रंगवला की मेक्सिकोत तो आजही विसरला गेलेला नाही.

चित्रपट ‘एल रेय देल बार्रिओ’, म्हणजे आळीचा राजा. चित्रण १९४९चं, पडद्यावर आला १९५०मध्ये, दिग्दर्शक हिल्बेर्तो मार्तिनेस सोलारेस. नायकाचंही नाव तिन-तानच. राहतो वेसिन्दादमध्ये, म्हणजे तिथल्या चाळीत, लहान मुलाला घेऊन. शेजाऱ्यांना ठाऊक आहे की तो रेल्वेत नोकरीला आहे. प्रत्यक्षात तो एका टोळीचा म्होरक्या. कमाईतला वाटा आळीतल्या गरजूंच्या हातावर ठेवतो, म्हणून राजा.

थाप म्हणून ही रेल्वेची नोकरी तपासून पाहावी, फार विचारपूर्वक निवडलेली आहे. थाप टिकवायची तर तीन प्रश्नांची उत्तरं आधीच तयार लागतात: वेळ, पैसा आणि साक्षीदार. रेल्वेत पाळ्या असतात, त्यामुळे रात्री-अपरात्री बाहेर पडलं तरी कोणी भुवई उंचावत नाही. पगार नियमित, त्यामुळे खिशात नोटा दिसल्या तर नवल नाही. आणि साक्षीदार नको असतील तर कामाची जागा गावभर पसरलेल्या रुळांवर असावी, तिथं जाऊन कोण चौकशी करणार? दुकानाची थाप मारली असती तर शेजारीण दुसऱ्याच दिवशी साखर आणायला पोहोचली असती. शिवाय १९३७मध्ये राष्ट्राध्यक्ष लासारो कार्देनासनं रेल्वेचं राष्ट्रीयीकरण केल्यापासून या नोकरीला वजन होतं. गंमत अशी, की १९४८मध्ये सरकारनं रेल्वे कामगारांच्या युनियनवर आपल्या मर्जीतला पुढारी आणून बसवला. त्याला घोडेस्वारीचे पोशाख आवडत, म्हणून लोक त्याला ‘चार्रो’ म्हणत. मालकधार्जिण्या पुढाऱ्यासाठी मेक्सिकोत हा शब्द तेव्हापासून रूढ झाला. म्हणजे ज्या काळात पडद्यावरचा भामटा खोटा रेल्वेवाला होता, त्या काळात खऱ्या रेल्वेवाल्यांनाही कोणी तरी टोपी घालून गेलं होतं.

वेसिन्दाद म्हणजे काय, हे मुंबईकराला फार समजवावं लागत नाही. मधे चौक, भोवती एकेक-दोन खोल्यांची बिऱ्हाडं, नळ सामाईक, कपडे धुवायचे दगडी हौद सामाईक, वर आडव्यातिडव्या दोऱ्यांवर वाळत घातलेलं सगळ्यांचं सगळं. १९४२मध्ये मेक्सिको शहरात भाडी गोठवली गेली, आपल्याकडे १९४७चा भाडेनियंत्रण कायदा आला. परिणाम दोन्हीकडे एकच: भाडं वाढेना म्हणून भाडेकरू हलेना, आणि भाडं वाढेना म्हणून मालक भिंतीला हात लावेना. अशा ठिकाणी वर्षानुवर्षं एकच थाप चालवणं हे दरोड्यापेक्षा अवघड काम. दोरीवर कोणाचा सदरा आहे आणि त्याला काजळी लागली आहे की नाही, हे हौदावरच्या बायकांना दिसतंच.

तिन-तानची अडचण अशी, की त्याला एक थाप पुरत नाही. चौकात तो सरळमार्गी रेल्वेवाला. टोळीपुढे निर्ढावलेला बॉस. आणि श्रीमंतांच्या बंगल्यात शिरायचं तर परदेशी कलावंत, कारण दिवाणखान्याचं दार कलावंताला न विचारता उघडतं. तीन वह्या, तिन्हींतला हिशेब वेगळा आणि लिहिणारा एकच. मोठ्या अफरातफरीत माणूस पैशात नाही, नोंदीत सापडतो. इथं मात्र तो नोंदीतही सापडत नाही. त्याला गाणं नडतं.

वितोलाबरोबरचा प्रवेश बघा. वितोला ही कॅनडात जन्मलेली काटकुळी नटी, आवाज मात्र खरोखर वरच्या पट्टीत फिरणारा. ती गाण्याचं वेड असलेली श्रीमंत बाई, हा तिचा गायनमास्तर बनून आलेला. बेत सोपा आहे: बाईंचे डोळे सुरात मिटले की हात दागिन्यांकडे. पण ती एक तान घेते आणि याला राहवत नाही. तो तिचीच तान उचलून वाकडी करतो, ती आणखी चढते, हा आणखी वाकतो. थोड्या वेळानं शिकवणं संपून झुंज सुरू होते. चोरानं घरातलं लक्ष स्वतःवरून उडवायचं असतं. हा ते सगळं स्वतःवर ओढून घेतो. ज्या हातानं दागिन्यांची पेटी उघडायची तो हात समेची वाट बघत हवेत. धंद्याच्या दृष्टीनं याहून मोठी चूक नाही. बघणाऱ्याच्या दृष्टीनं चित्रपटातली सर्वांत चोख जागा हीच.

मग शेजारची कार्मेलिता येते. ही भूमिका करणारी सिल्विया पिनाल तेव्हा विशीच्याही आत होती. तिच्यामुळे आणि मुलामुळे याला धंदा सोडावासा वाटू लागतो. सुधारणाऱ्या माणसाच्या गोष्टी पुष्कळ असतात. त्यात तो चारचौघांत मान खाली घालतो, लोक क्षमा करतात, कोणी तरी डोळे पुसतं. इथं ती सोयच नाही. आळीला तो आधीपासून सज्जनच ठाऊक आहे. उद्या त्यानं खरोखर रेल्वेत भरती होऊन घाम गाळला, तरी चौकातल्या एकालाही फरक दिसणार नाही. तोच निरोप घेऊन तो सकाळी निघेल, त्याच दमल्या चालीनं परत येईल. फरक पडेल तो फक्त खिशात. वाटायला नोटा उरणार नाहीत आणि शेजारी म्हणतील, हल्ली राजा जरा चिक्कू झालाय. सुधारायला त्याला एवढंच करायचं आहे: स्वतःचीच थाप खरी करून दाखवायची, आणि तीही शाबासकीशिवाय. जन्मभर टाळ्यांवर जगलेल्या माणसाला चोरी सोडणं त्यामानानं सोपं.

जाता जाता टोळीतल्या एका गड्याकडे लक्ष असू द्यावं. तो आहे तिन-तानचा सख्खा धाकटा भाऊ, रामोन वाल्देस. सत्तरच्या दशकात टीव्हीवरच्या ‘एल चावो देल ओचो’ या मालिकेत तो पुन्हा एका वेसिन्दादमध्येच राहायला आला. कपाळावर टोपी, हाताला काम नाही, घरमालक दारात उभा आणि भाडं तुंबलेलं चौदा महिन्यांचं.