आमची वाटचाल : पेशंट सापडला पाहिजे, पण दिसला नाही पाहिजे

२०१३ ला मी नोकरी सोडली आणि सदाशिव पेठेत दोन खोल्या भाड्याने घेऊन पॅथॉलॉजी लॅबसाठी सॉफ्टवेअर बनवायला लागले. पहिली लॅब टिळक रोडची, दुसरी कोथरूडची, मग एका डॉक्टरांनी दुसऱ्यांना सांगितलं असं करत वाढलो, आज आम्ही अकरा जण आहोत. ते सगळं इतरांसारखंच झालं. मला लिहायचंय ते सर्चबद्दल.

सकाळी सात ते दहा लॅबच्या काउंटरवर काय गर्दी असते ते उपाशीपोटी रक्त द्यायला रांगेत उभं राहिलेल्याला विचारा. समोरचा नुसतं "जोशी" म्हणतो, किंवा मोबाईलचे शेवटचे चार आकडे सांगतो, आणि काउंटरवरच्या काकूंना तेवढ्यावर पेशंट काढायचा असतो. रेकॉर्ड लाखांत गेल्यावर आमचा डेटाबेस त्याला आठ-दहा सेकंद घ्यायला लागला, म्हणून २०१७ ला आम्ही इलास्टिकसर्च हे शोधायचं सॉफ्टवेअर बसवलं. त्याच्या आत ल्युसीन नावाचं शोधायचं इंजिन असतं आणि ते पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते तसं काम करतं, कुठला शब्द कुठल्या पानावर. सर्च एकदम फास्ट झाला, काकू खूश, आम्ही खूश.

पण सूची करायची म्हणजे पुस्तकातले शब्द दुसरीकडे उतरवून काढावे लागतात ना. डेटाबेसमधले नाव-नंबरचे कॉलम आम्ही एन्क्रिप्ट केलेले, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारे केलेले होते आणि त्याचं मला समाधान होतं, त्याच माहितीची दुसरी प्रत इंडेक्समध्ये, म्हणजे या सूचीत, उघडी पडलीय हे मात्र चार वर्षं माझ्या डोक्यातच आलं नाही. सर्व्हरची डिस्क एन्क्रिप्टेड होती, पण ते कुलूप डिस्क चोरीला गेली तर कामाचं, चालू सर्व्हरवर किंवा त्यातून घेतलेल्या बॅकअपवर त्याचा काही उपयोग नाही.

२०२१ ला एक इंटर्न आला. शिकायला म्हणून त्याने इंडेक्सचा एक जुना स्नॅपशॉट, म्हणजे बॅकअप, स्वतःच्या लॅपटॉपवर रिस्टोअर केला, कुठेही पासवर्ड विचारला गेला नाही. मग त्याने सहज आईचं नाव टाकून बघितलं. तो माझ्याकडे आला तेव्हा चेहरा उतरलेला होता, म्हणाला, "ताई, आईची एक तपासणी दिसतेय, तिने घरी कुणाला सांगितलं नव्हतं." मी त्याला काय उत्तर देणार होते? याच लॅबमध्ये एचआयव्हीच्या तपासण्या होतात, ती माहिती गुप्त ठेवायचा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, आणि आमच्या स्नॅपशॉटमध्ये ती नावासकट वाचता येत होती. त्याच दिवशी लॅपटॉप पुसला, स्नॅपशॉट बंद कुलपात टाकले, आणि पुढच्या आठवड्यात मी प्रत्येक लॅबच्या डॉक्टरांना स्वतः जाऊन भेटले आणि सगळं सांगितलं. एक लॅब सोडून गेली, त्यांचा राग बरोबर होता.

मग दुरुस्ती. पहिल्यांदा इंडेक्समधलं नाव आणि नंबर थेट एईएस या नेहमीच्या पद्धतीने एन्क्रिप्ट केले, आणि सर्चच मेला, कारण नीट केलेल्या एन्क्रिप्शनमध्ये तोच नंबर दर वेळी वेगळा दिसतो, मग जुळवायचं कशाशी. म्हणून नंबरचा हॅश ठेवला, एसएचए-२५६ पद्धतीचा, म्हणजे त्याच नंबरचा दर वेळी तोच कोड येतो पण कोडवरून नंबर उलटा काढता येत नाही. माझी इंजिनिअरिंगची मैत्रीण कर्वे रोडवर चहा पिताना म्हणाली, "अगं भारतातले मोबाईल नंबर आहेत किती?" दहा आकडी, सुरुवात ६ ते ९ ने, म्हणजे जास्तीत जास्त ४०० कोटी. सगळ्यांचे हॅश काढून ठेवायला एका चांगल्या ग्राफिक्स कार्डाला काही सेकंद पुरतात. हॅश केलं म्हणजे लपलं असं समजणाऱ्यांनी हा हिशोब एकदा स्वतः करून बघावाच.

शेवटी एचमॅकवर आलो, म्हणजे हॅश करताना एक गुप्त किल्ली मिसळायची. किल्ली सर्चच्या सर्व्हरवर नाही, वेगळ्या ठिकाणी, आणि प्रत्येक लॅबची वेगळी, त्यामुळे दोन लॅबच्या इंडेक्समध्ये एकच माणूस आहे हेही जुळवता येत नाही. किल्ली बदलली की अख्खा इंडेक्स परत बनवावा लागतो, ते आम्ही रविवारी रात्री करतो. आणि आधी नंबर एकसारखा करून घ्यावा लागतो, कुणी शून्य लावतं, कुणी +९१, कुणी मध्ये स्पेस, एक अक्षर हललं तरी सापडत नाही. शेवटच्या चार आकड्यांसाठी वेगळं फील्ड.

नावांनी सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. आडनावाची पहिली तीन अक्षरं आणि उच्चारावरून केलेला कोड, दोन्हीचे एचमॅक असं केलं, म्हणजे कुलकर्नी टाइप केलं तरी कुलकर्णी येतात. पण पुण्याच्या लॅबमध्ये सगळ्यात जास्त वेळा येणारा कोड कुणाचा असेल हे किल्लीशिवायही ओळखता येईल, कुलकर्णी, जोशी, पाटील, संपलं. हे एन्क्रिप्शनने सुटत नाही. म्हणून आम्ही इंडेक्समधून तपासणीचं नाव, रिझल्ट, वय, पत्ता सगळं काढून टाकलं, मूळ रेकॉर्ड साठवणारं सोर्स फील्डही बंद केलं. आता इंडेक्स फक्त एक आयडी देतो, बाकीचं डेटाबेसमधून, बघणाऱ्याला परवानगी आहे का ते तपासून, उलगडून येतं. पाव सेकंद जास्त लागतो, लागू दे. आडनावाच्या मधल्या अक्षरांवरून शोधणं बंद झालं, त्यावर काही काकू अजून नाराज आहेत.

स्लो लॉगमध्येही, म्हणजे हळू चाललेल्या सर्चच्या नोंदवहीत, काकूंनी टाइप केलेली नावं जशीच्या तशी पडत होती, ते नंतर कळलं, आता एचमॅक होऊनच क्वेरी पुढे जाते. डिलीटचंही तसंच, ल्युसीनमध्ये डिलीट केलेलं लगेच जात नाही, नुसती खूण होते आणि सेगमेंट, म्हणजे इंडेक्सचे तुकडे, मर्ज होईपर्यंत ते तिथेच असतं, जुन्या स्नॅपशॉटमध्ये तर असतंच. म्हणून पेशंटने माहिती काढा म्हटलं की आम्ही मर्ज करवतो आणि स्नॅपशॉट ३५ दिवसांच्या वर ठेवत नाही. २०२३ च्या डेटा कायद्यात सुरक्षेत हयगय केली तर २५० कोटींपर्यंत दंड आहे, त्यामुळे आता लॅबवालेच हे प्रश्न विचारतात, आधी मला समजावून सांगायला लागायचं.

तो इंटर्न आता आमच्याकडेच नोकरीला आहे. दर महिन्याला तो कोऱ्या मशीनवर ताजा स्नॅपशॉट रिस्टोअर करतो आणि आईचं नाव, नंबर टाकून बघतो. काही येत नाही. मागच्या दिवाळीत मात्र दुसऱ्या एका पेशंटच्या मुलाचा नंबर उघडा सापडला, शेरा लिहायच्या रकान्यात काकूंनी "मुलाला फोन करा" लिहून पुढे नंबर टाकला होता. शेऱ्याचा रकाना त्याच दिवशी इंडेक्समधून काढला, आणि नातेवाईकाच्या नंबरसाठी वेगळा रकाना द्यायचं काम या आठवड्यात चालू आहे.