माणशी २० लिटर

टंचाईत गावाला टँकर मंजूर करायचा हिशोब सोपा असतो. गावची लोकसंख्या गुणिले २० लिटर. एका माणसाचं पिणं, स्वयंपाक, धुणं-भांडी, अंघोळ, सगळं दिवसाच्या त्या २० लिटरमध्ये. गावाचा प्रस्ताव आला की तहसील, पंचायत समिती आणि भूजल विभाग मिळून पाहणी करतात. भूजलाच्या बाजूनं मी जाते. सोलापुरात भूवैज्ञानिक म्हणून नोकरीला लागल्यापासून माझे उन्हाळे याच कामात जातात.

२०२४ चा उन्हाळा आधीच्या सगळ्यांपेक्षा कडक होता. उजनी जानेवारीतच मायनसमध्ये गेलं होतं. धरणाची क्षमता ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), पण त्यातला जवळपास ६४ टीएमसी मृत साठा. वरचा उपयुक्त साठा संपला की आम्ही सोलापूरकर धरण मायनसमध्ये गेलं म्हणतो आणि नळाला आता किती दिवसांनी पाणी येणार याची चौकशी सुरू करतो.

मे महिन्यात करमाळा तालुक्यातल्या एका गावाची पाहणी लागली. टेंभुर्णी सोडल्यावर रस्त्याच्या दोन्ही अंगांना हिरवंगार दिसतं. ऊस, केळी. कंदरची केळी तर परदेशात जातात. हा सगळा उजनीच्या फुगवट्याचा भाग. जेऊर मागं पडलं, आमची गाडी आडवाटेला माळावर चढली आणि हिरवा रंग संपला. तालुका तोच, पण इथं बायका घागरी आणि प्लास्टिकचे कॅन रांगेत लावून विहिरीच्या कठड्यावर बसल्या होत्या.

ती गावची सार्वजनिक विहीर आमच्या निरीक्षणातलीही आहे. वर्षातून ठरलेल्या वेळी तिची पाणीपातळी मोजतात, तिच्या कठड्यावर रंगानं खूण केलेली आहे. मी टेप सोडला. टोकाचं वजन खाली टेकलं तरी पाण्याचा आवाज आला नाही. वर ओढल्यावर टेपच्या टोकाला बोटभर गाळ लागला होता, ओलसर. विहिरीची भिंत वरून वाचत खाली गेलं तर गावच्या पाण्याची सगळी गोष्ट कळते: हातभर काळी माती, मग मुरूम, त्याखाली मांजऱ्या म्हणजे झिजलेला, सच्छिद्र खडक, मग काळा पाषाण. पाणी राहतं ते मुरमात आणि मांजऱ्यात. पाषाणात फक्त भेगांतून, आणि तेही थोडंच. म्हणजे आमच्या जमिनीची टाकी उथळ आहे, दर पावसाळ्यात भरते आणि उपसली की रिकामी होते. जुन्या नोंदींत याच विहिरीत मे महिन्यात आठ मीटरवर पाणी लागायचं. त्या दिवशी साडेतेरा मीटरवर तळ होता, कोरडा.

ग्रामसेवकांनी प्रस्ताव पुढं ठेवला. २०११ च्या जनगणनेचा आकडा, त्यावर नेहमीची वाढ धरून लोकसंख्या २,४००. तेवढ्यात अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या, "माझ्या रजिस्टरला एवढी माणसं नाहीत, मॅडम." घरोघर फिरून त्यांनीच केलेली नोंद. गावात हल्ली राहणारी माणसं १,८००. जनगणनेच्या वेळी होती त्यापेक्षाही कमी. नायब तहसीलदार साहेबांनी १,८०० धरायचं ठरवलं. माझ्या मनात मात्र तो आकडा रुतून बसला. माणसं कमी झाली आणि विहीर तळाला गेली. हे दोन्ही एकाच गावात, एकाच काळात.

तहसीलची माणसं वाड्यांवर गेली म्हणून आम्ही शाळेसमोरच्या लिंबाखाली थांबलो. तिथं स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक मुलगा होता. पुण्यात राहून परत आलेला. तो पोटतिडकीनं बोलत होता. "१५ नोव्हेंबर २०२२ ला जग ८०० कोटींवर गेलं, मॅडम. २०२३ मध्ये आपण चीनला मागं टाकलं. इंग्रज विचारवंत माल्थसनं १७९८ लाच सांगितलंय, माणसं गुणाकारानं वाढतात आणि अन्न बेरजेनं. पाणी पुरणार कुठून?"

असं म्हणणारा तो एकटा नाही. मी जाते त्या बहुतेक गावांत, बहुतेक बैठकांत हे वाक्य येतं. ते आलं की पुढचा विचार थांबतो, कारण लोकसंख्या ही कुणा एकाची जबाबदारी नसते. त्यामुळे मी त्याला सविस्तर उत्तर दिलं.

अरल समुद्राचं घ्या. कझाकस्तान आणि उझबेकिस्तानच्या मधलं हे सरोवर १९६० मध्ये सुमारे ६८,००० चौरस किलोमीटर होतं, आपल्या महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याहून मोठं. जगातलं चौथ्या क्रमांकाचं. त्याला मिळणाऱ्या अमू दर्या आणि सिर दर्या या नद्या सोव्हिएत सरकारनं कापसासाठी वळवल्या. पुढच्या ५० वर्षांत सरोवराचा जेमतेम दहावा हिस्सा उरला. मोयनाक हे मासेमारीचं बंदर, तिथली जहाजं आज वाळूत उभी आहेत. तिथल्या लोकांनी पाणी पिऊन ते सरोवर संपवलं नाही. पाणी कापसाच्या गाठी होऊन बाहेर गेलं. उत्तरेकडच्या छोट्या भागात २००५ मध्ये कोक-अरल बांध घातला, तेव्हा तेवढ्या भागात पाणी चढलं आणि मासे परत आले. माणसं तीच होती.

सौदी अरेबियाचं तर आणखी स्पष्ट आहे. वाळवंटात, हजारो वर्षांपूर्वी जमिनीखाली साठलेलं पाणी उपसून त्यांनी गहू पिकवला. नव्वदीच्या सुरुवातीला तो देश गव्हाच्या मोठ्या निर्यातदारांत होता. ते पाणी परत भरणारं नव्हतं. २०१६ पर्यंत सरकारला गव्हाची ती योजना गुंडाळावी लागली. तिथं लोकसंख्या हे कारण कुणी सांगणार नाही.

"म्हणजे लोकसंख्येचा प्रश्नच नाही का?" त्यानं विचारलं.

आहे, आणि जिथं आहे तिथं तो फार कठीण आहे. जकार्तात लाखो लोकांपर्यंत नळाचं पाणी पोहोचलं नाही, म्हणून घरोघर, इमारतीगणिक भूजल उपसलं. खालचा थर गाळाचा. पाणी निघालं तसा तो दबला आणि शहराचा उत्तर भाग समुद्राच्या पातळीखाली गेला. राजधानी बोर्निओ बेटावर हलवायचं इंडोनेशियानं २०१९ मध्ये जाहीर केलं. आपली जमीन पाषाणाची असल्यानं अशी खचणार नाही, पण कोरडी नक्की पडते. नायजरमध्ये बाईमागं सरासरी सहाच्या आसपास मुलं आहेत आणि सहाराच्या काठावरची त्यांची जमीन तेवढी तोंडं पोसताना मेटाकुटीला येते. तिथल्या मुलींना शाळा आणि दवाखाना मिळणं ही गरजच आहे. तरीही त्या नायजरच्या माणसामागं वर्षाला कार्बन डायऑक्साइड निघतो टनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. अमेरिकेच्या माणसामागं निघतो चौदा टनांच्या आसपास. दोघांना एकेक माणूस म्हणून मोजलं तर हवामान कुणी बिघडवलं ते त्या आकड्यात दिसणारच नाही.

आणि महाराष्ट्रात? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपला जननदर, म्हणजे बाईमागं सरासरी मुलं, १.७ आला. लोकसंख्या आहे तेवढी टिकायलाही साधारण २.१ लागतो. आपल्या आयाबायांनी आपलं काम कधीच केलं आहे.

बाजूला एक आजी बसल्या होत्या. इतका वेळ ऐकत होत्या. "माजी तीन पोरं चिंचवडला," त्या म्हणाल्या. "ह्या गल्लीत सात घरांना कुलपं हायती. माणसं वाढली म्हनता, ती हायती कुटं?"

त्यांच्या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते सोलापूरच्या नळापर्यंत येतं. २००१ ते २०११ या दहा वर्षांत सोलापूर शहर पावणेनऊ लाखांवरून साडेनऊ लाखांवर गेलं, म्हणजे ९ टक्क्यांच्या आसपास वाढलं. त्याच दहा वर्षांत पिंपरी-चिंचवड दहा लाखांवरून सतरा लाखांवर गेलं. आमच्या माळावरची पोरं तिकडं गेली. तिथं त्यांनी पवनेचं पाणी प्यायलं, आणि त्यांचं सांडपाणी, पुण्याच्या सांडपाण्यासोबत, मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येतं. फुगवट्याचं पाणी उन्हाळ्यात हिरवं पडतं. तेच पाणी शंभरावर किलोमीटर लांबीच्या जलवाहिनीतून सोलापूरला येतं, शुद्ध करून आम्ही पितो. आजींच्या पोरांनी गाव सोडलं म्हणून गावची विहीर भरली नाही, आणि खालच्या शहराचं पाणी मात्र बिघडलं. म्हणून मला लोकसंख्येचा नुसता आकडा पुरत नाही. माणूस कुठं राहतो, त्याचं सांडपाणी कुठं जातं आणि त्याच्या नावावर पाणी कोण वापरतं, हे विचारावंच लागतं.

केप टाऊनची गोष्ट त्या मुलाला माहीत होती. २०१८ मध्ये शहर कोरडं पडायची वेळ आली आणि फेब्रुवारीपासून माणशी ५० लिटरची मर्यादा घातली. जगभर बातम्या झाल्या. मी त्याला आमच्या रजिस्टरमधला आकडा दाखवला. २०. तो गप्प झाला. त्याला हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं, आणि याचा मला राग येतो. जगात जी टोकाची आणीबाणी म्हणून गाजली, तिच्या निम्म्याहून कमी पाण्यावर आमच्या बाया दर दोन-चार वर्षांनी संसार चालवतात.

गावाच्या खालच्या अंगाला, विहिरीपासून चारशे मीटरवर, पावणेदोन एकर उसाचा खोडवा उभा होता. हिरवा. बोअर चालू. शेतकरी पन्नाशीचे, स्वतः पुढं आले. बोअर किती फूट विचारलं तर म्हणाले, "साडेपाचशे." २०० फुटांपेक्षा खोल बोअर शेतीसाठी घ्यायला राज्याच्या भूजल कायद्यात आडकाठी आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. गावात दोनशेच्या वर बोअर आहेत, सगळ्या अशाच. आम्ही २०० लिटरचं बॅरल लावलं. पावणेतीन मिनिटांत भरलं. शेतीची वीज आठ तास. म्हणजे दिवसाला ३५,००० लिटरच्या आसपास. गावाची गरज १,८०० गुणिले २०, म्हणजे ३६,०००.

मग त्या मुलानं रजिस्टरच्या पाठकोऱ्या पानावर दुसरा हिशोब मांडला, मी फक्त आकडे सांगितले. उसाला वर्षाला साधारण २,००० मिलिमीटर पाणी लागतं, आपला पाऊस सरासरी साडेपाचशेच्या आसपास. उरलेलं दीड मीटर पाणी आपण वरून देतो. एका एकरावर दीड मीटर म्हणजे ६० लाख लिटर. भागिले ३६,०००. उत्तर आलं १६६ दिवस. एका एकराला वरून दिलेलं पाणी म्हणजे अख्ख्या गावाचं टँकरच्या मापानं साडेपाच महिन्यांचं पाणी.

ते पान हातोहात फिरलं. शेतकरी म्हणाले, "मी चोर न्हाय, मॅडम." मी म्हणाले, नाहीच. ज्वारी केली तर बाजारात काय भाव मिळेल ते सांगता येत नाही. उसाला एफआरपी, म्हणजे सरकारनं बांधून दिलेला भाव आहे आणि उचलायला कारखाना आहे, राज्यात सगळ्यात जास्त साखर कारखाने आमच्याच जिल्ह्यात आहेत. सोसायटीचं कर्ज उसावर मिळतं. राज्यातल्या पिकाखालच्या क्षेत्रात उसाचा वाटा जेमतेम ४ टक्के आणि सिंचनाच्या पाण्यात जवळपास ७० टक्के, हे केंद्राच्या कृषिमूल्य आयोगानं लिहून ठेवलं आहे. पाण्याला पैसे पडत नाहीत आणि साखरेला पडतात, अशी व्यवस्था धोरणानं उभी केली. उझबेकिस्तानच्या शेतकऱ्यानंही कापूस स्वतःच्या मर्जीनं निवडला नव्हता. पावणेदोन एकरवाल्या माणसाला दोषी धरून मोकळं होणं मला मान्य नाही.

चर्चा ताणली. आवाजही चढले. एक जण म्हणाला, वीस लिटर काय मोजता, आमची जनावरं काय माणसात धरता का. ते खरंच होतं. शेवटी ठरलं ते असं: बोअर अधिग्रहित करायची, चार तास गावाला, चार तास उसाला, उरलेल्या पाण्यासाठी टँकरच्या दोन खेपा. शेतकऱ्यांनी एकच अट घातली, पाऊस पडेपर्यंत आजूबाजूला नवी बोअर नको. सार्वजनिक पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत तसंही चालत नाही, तेव्हा ग्रामसेवकांनी ते ठरावात लिहून घेतलं. त्या मुलानं गावातल्या बोअर, त्यांची खोली आणि त्यावरचं पीक यांची यादी ग्रामसभेपुढं ठेवायचं अंगावर घेतलं.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. ऑगस्टमध्येच उजनी १०० टक्के भरलं. ऑक्टोबरच्या मोजणीला गेले तेव्हा विहिरीत पाणी चार मीटरवर होतं. मुलाची यादी पूर्ण झाली होती, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावलेली. ज्यांची बोअर घेतली होती त्यांनी एका एकरात मालदांडी ज्वारी पेरली होती, पाऊण एकर ऊस ठेवला होता. शेजारच्या दोन शेतांत मात्र उसाची नवी लागण दिसली. बोअरही नव्या, त्यातली एक ६४० फूट, तामिळनाडूच्या गाडीनं मारलेली. विहिरीपासूनचं अंतर मी टेपनं मोजलं. ३८० मीटर. नोंद केली आणि अहवालासोबत तहसीलला पाठवली.