लख्ख पिवळं सिरम

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ एका लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे, चौदा वर्षं झाली. सकाळी साडेसहाला रांग लागते आणि प्रत्येकाचा एकच प्रश्न, चहा घेतला तर चालतो का. चालत नाही, पण निम्मे घेऊनच आलेले असतात.

गेल्या महिन्यात एक मावशी शुगर तपासायला आल्या. सोबत पोरगा, 24 वर्षांचा, पोलीस भरतीची तयारी करणारा, पहाटे यवतेश्वरचा घाट पळून थेट इकडंच आलेला. सुपारीचं खांडसुद्धा नाही तोंडात. तेव्हा आमच्याकडं दोघांनी चेकप केलं तर सूट होती (मालकांची आयडिया, मला असले प्रकार पटत नाहीत), म्हणून मावशी म्हणाल्या, "घे की तुझंबी."

सिरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणारं पाणी, बघून माणूस ओळखतो असा माझा एक गर्व होता. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, भरपूर वाढलेलं असलं की सेंट्रिफ्यूजमधून, म्हणजे रक्त गरगर फिरवायच्या मशीनमधून, ट्यूब दुधाळच बाहेर येते, रात्री ढाब्यावर कोण बसलं होतं ते मी न विचारता सांगतो. याचं सिरम लख्ख पिवळं, गाळलेल्या गोडेतेलासारखं. म्हटलं गडी ठणठणीत आहे. आणि मशीननं कोलेस्टेरॉल दाखवलं 318, पाहिजे 200 च्या आत.

आधी मशीनला शिव्या घातल्या. कंट्रोल, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेलं सॅम्पल, लावला, बरोबर आला. सॅम्पल परत चालवलं, 316. ट्रायग्लिसराइड 118, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) 42, म्हणजे हिशोबानं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 250 च्या आसपास. नुसतं कोलेस्टेरॉल वाढलं तर सिरम स्वच्छच राहतं, हे डीएमएलटीला (लॅबच्या डिप्लोमाला) असताना परीक्षेत लिहिलं होतं मी, आणि तरी फसलो.

पॅथॉलॉजिस्ट मॅडमना फोन केला तर त्यांचा पहिला प्रश्न, "वडील आहेत का त्याचे? टाचेच्या मागं गाठ बघ, कोलेस्टेरॉल तिथं साचतं." म्हणाल्या, एलडीएल 190 च्या वर आणि वय एवढं कमी म्हणजे घराण्यातून आलेलं असू शकतं, साधारण अडीचशे माणसांत एकाला असतं. यकृत रक्तातलं एलडीएल उचलायला जन्मापासूनच कमी पडतं, घाट पळून ते भरून निघत नाही. मग कोरियाच्या युद्धाचं सांगितलं. मेलेल्या 300 अमेरिकन सैनिकांची हृदयं तपासली होती, 1953 ला छापून आलंय, सरासरी वय 22, आणि तीन-चतुर्थांशांहून जास्त जणांच्या हृदयाच्या धमन्यांत आजाराच्या खुणा. आमचा जिल्हा फौजींचा, ऐकून कसंतरीच झालं.

संध्याकाळी दोघं रिपोर्टला आले. पोरगा चपलेवर होता. दोन्ही टाचांच्या वर शिरेवर जाड गोळा, बोरासारखा. मी विचारलं तर हसला, "बुटानं घट्टा पडलाय दादा." वडिलांचं मावशींनीच सांगितलं, "यष्टीत बसल्या बसल्या गेलं, एकोणचाळीसाव्या वर्षी. लई टेन्शन घ्यायचं."

आता मी काय बोलणार? निदान सांगायचा मला अधिकार नाही. आणि आमचा रिपोर्ट म्हणजे 201 आलं तरी पुढं 'एच' (हाय), 318 आलं तरी तोच 'एच', कितीदा सांगितलं सॉफ्टवेअरवाल्याला की काहीतरी लाल करा, तर ऐकत नाही. मॅडमनी खाली टीप लिहिली होती, हृदयरोगतज्ज्ञांना त्वरित दाखवावे, पण ती इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरात. मी फक्त म्हटलं, आजच डॉक्टरला दाखवा, वडिलांचं न विसरता सांगा, आणि टाचाही दाखवा.

दाखवलं त्यांनी. डॉक्टर त्याची बॉडी बघून म्हणाले, एवढा व्यायाम करतोस, तुला काय होतंय, अंडी बंद कर. टाचा बघितल्याच नाहीत.

हे मला कळलं कारण मावशी परवा धाकट्याला घेऊन आल्या, अकरावीतला. त्याचं कोलेस्टेरॉल 158. मावशी खूश. मी थोरल्याला तिथूनच फोन लावला, म्हटलं दुसऱ्या डॉक्टरकडं चल, मी येतो सोबत. मागं शिट्टीचा आवाज येत होता.

"ग्राउंडवर आहे दादा, सोळाशे मीटर लावलंय. नंतर करतो."

अजून केला नाहीये.