बरोबर आहे, भाऊजी

रविवार, १८ जानेवारी २०२६

संक्रांतीपासून एकच गोष्ट डोक्यात फिरतेय आणि ती इतकी बारीक आहे की कुणाला सांगायची सोय नाही. वहिनी माझ्याशी सहमत झाल्या.

मतदानाच्या आदल्या रात्री घरच्या ग्रुपवर मी लांबलचक लिहिलं होतं. लाडक्या बहिणीचा हप्ता मतदानाआधी द्यायचा की नंतर, यावरून तिकडे वाद पेटला होता. मी लिहिलं की महापालिकेच्या निवडणुकीचा आणि या पैशाचा संबंध काय? कोल्हापूरच्या सभागृहाची मुदत २०२० च्या नोव्हेंबरात संपली. पाच वर्षांहून जास्त काळ शहर प्रशासकाच्या हातात, एक नगरसेवक नाही, आणि त्याचा जाब कुणी कुणाला विचारत नाही. महिन्याला १५०० रुपये आले की सगळं गप्प. ‘विकत घेतलेली शांतता’ असंही काहीतरी होतं त्यात. लिहिताना मला ते फार आवडलं होतं.

दादानं अंगठा टाकला. आईनं हात जोडले. आणि मग वहिनींचं आलं, ‘बरोबर आहे भाऊजी.’

वहिनींना ते पैसे मिळतात. मला हे माहीत आहे हे त्यांना माहीत आहे. त्यातून भिशी लावून त्यांनी गेल्या वर्षी घरघंटी घेतली, तिला हळदकुंकू लावलेला फोटो याच ग्रुपवर आला होता आणि खाली मीच अभिनंदन केलं होतं. ई-केवायसीच्या वेळी ओटीपी येईना म्हणून रात्री उशिरापर्यंत फोन हातात धरून बसल्या होत्या, हेही दादानंच सांगितलेलं. मग ‘बरोबर’ कसं? निदान ‘तुमचं काय जातंय बोलायला’ एवढं तरी म्हणायचं. मी उत्तरं तयार ठेवली होती.

हिला सांगितलं तर ही म्हणाली, ‘मग काय पाहिजे होतं तुला, भांडण?’

हो.

कोल्हापूरच्या टोल आंदोलनाच्या वेळचं आठवतं. एन. डी. पाटील सरांच्या मोर्चांत दादा पुढे, आणि मी इथून, जर्मनीतून, त्याला फोनवर करार म्हणजे काय असतो ते समजावतोय. त्यानं मला अशा शिव्या घातल्या होत्या की मागे बसलेले पप्पा हसताना मला ऐकू येत होते. २०१५ च्या अखेरीला सरकारनं टोल रद्द केला, तेव्हा दादानं मला कामावर असताना फोन करून विचारलं, ‘काय झालं रे तुझ्या कराराचं?’ मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नव्हतो. आणि तरी त्या दोन दिवसांत मी जेवढा त्या घरात होतो तेवढा आता, थेट तिथे जाऊनही, नसतो. गेल्या खेपेला मी बाहेरच्या खोलीत आलो की टीव्हीवरची बातमी बदलली जायची. ‘असू दे, चार दिवस आलायस, तुला कशाला ते?’ पांढरा रस्सा आधी माझ्या वाटीत. नवी चादर माझ्या गादीवर. पाहुण्याशी कोण भांडतं?

पप्पा असते तर त्यांनी... जाऊ दे.

आता स्वतःशीच बोलतोय तर तेही लिहून टाकतो. दोन पोरांचं किंडरगेल्ड, म्हणजे मुलांमागे इथलं सरकार देतं तो भत्ता, माझ्या खात्यात दर महिन्याला येतं. या जानेवारीपासून एका मुलामागे २५९ युरो झालंय. ते मिळायला मी गरीब असायची अट नाही, आणि मी ते कधी परत केलेलं नाही. माझ्या मते हे वेगळं आहे. हा वर्षानुवर्षांचा कायदा आहे, निवडणुकीच्या तोंडावर काढलेली योजना नव्हे, आणि कुणी पुढारी माझा भाऊ असल्यासारखा फलकावरून हसत नाही. हा मुद्दा मला अजूनही पटतो. फक्त वहिनींनी तो माझ्याकडून काढून घ्यायला हवा होता. त्यांनी विचारलंच नाही, तर मी कुणाला पटवू?

इथेही भांडण मिळत नाही, ही आणखी एक गंमत. ऑफिसात जेवणाच्या टेबलावर सुट्टी, सायकल, हीटिंगचं बिल. गेल्या फेब्रुवारीत संसदेच्या निवडणुकीत एएफडीला, म्हणजे बाहेरून आलेल्यांच्या विरोधातल्या कडव्या उजव्या पक्षाला, २०.८ टक्के मतं पडली, दुसऱ्या क्रमांकाचा पक्ष. दुसऱ्या दिवशी टेबलावर सगळे हवेबद्दल बोलत होते. पाचात एक, म्हणजे या टेबलावर... असं मी मोजायला लागलो आणि सोडून दिलं. येत्या ८ मार्चला आमच्या इथल्या राज्याची निवडणूक आहे, या खेपेला सोळा वर्षांच्या मुलांनाही मत. मला नाही. हिनं नागरिकत्वाचा अर्ज भरून ठेवलाय. २०२४ च्या जूनपासून जर्मनी जुना पासपोर्ट ठेवू देते, पण आपलं सरकार देत नाही, म्हणजे तो जमा करायचा आणि ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते कार्ड, घ्यायचं. माझा अर्ज त्याच फोल्डरमध्ये कोरा आहे. त्यावर आज लिहायचं नाही.

माझ्याशी मनापासून भांडतं असं या शहरात एकच माणूस आहे, तळमजल्यावरच्या आजी. आमच्या जिन्यात केअरवोख पाळतात. ज्याच्या दारावर पाटी लटकते त्यानं त्या आठवड्यात जिना झाडायचा, पुसायचा आणि रविवारी पाटी शेजारच्या दाराला अडकवायची. पाटी आमच्याकडे असली की आजींचं दार बरोबर मी त्यांच्या पायरीवर पोचल्यावर उघडतं. कोपरे पाहून झाले की विषय रेल्वे स्टेशनचा. आमच्या श्टुटगार्टचं स्टेशन जमिनीखाली न्यायचं काम २०१० पासून चाललंय. आजी तेव्हापासून विरोधात आहेत, सोमवारच्या मोर्चांना जायच्या, आंदोलकांवर वॉटर कॅनन चालला त्या दिवशी स्टेशनजवळच्या बागेत होत्या म्हणतात. २०११ ला जनमत घेतलं तेव्हा लोकांनी काम चालू ठेवा म्हणून सांगितलं. ते जनमत आजींना अजून मान्य नाही. खर्च ११ अब्ज युरोंच्या वर गेलाय. उघडायची २०२६ च्या डिसेंबरची तारीख होती, तीही गेल्या नोव्हेंबरात गेली.

मी एकदा सहज म्हणालो, एवढं खणून झालंय तर आता पुरं होऊ दे की. अर्धा तास! हातातलं फडकं वाळलं माझ्या. खणलेलं दिसतंय म्हणून ते बरोबर ठरतं का, तू इंजिनियर ना, उतारावर फलाट कसा चालतो ते सांग, इथे कर भरतोस आणि असा गुळमुळीत कसा बोलतोस? मी त्यांना काळम्मावाडी धरणातून कोल्हापूरला पाणी आणणाऱ्या थेट पाइपलाइनची कथा सांगितली. किती निवडणुका त्या एका पाण्यावर लढल्या गेल्या, किती तारखा उलटल्या, आणि शेवटी २०२३ च्या दिवाळीत पाणी कसं आलं. आजी म्हणाल्या, ‘म्हणजे आलं तरी!’ आणि जणू मीच त्यांचं स्टेशन अडवून धरलंय अशा नजरेनं पाहून दार लावून घेतलं. त्या दिवशी मी जिना दुसऱ्यांदा पुसला, इतकं बरं वाटत होतं.

याच आजींनी २०२४ च्या जूनमध्ये शहराच्या निवडणुकीची मतपत्रिका मला दाखवली होती. ६० जागा, प्रत्येक मतदाराला ६० मतं, एकाच उमेदवाराला तीनपर्यंत देता येतात, वेगवेगळ्या पक्षांची माणसं निवडता येतात. गठ्ठा आधीच घरी येतो आणि लोक स्वयंपाकघरातल्या टेबलावर पेन्सिल घेऊन बसतात. आमच्याकडे कोल्हापुरात या खेपेला पहिल्यांदाच चार-चार नगरसेवकांचे प्रभाग झाले, एक तेवढा पाचांचा, ८१ जागा, २० प्रभाग. आई फोनवर सांगत होती, चारदा बटण दाबायचं म्हणून मागची रांग कुरकुरत होती. एकाच घरात चारांना वेगवेगळी मतं पडली असतील, पण कुणी कुणाला सांगणार नाही. निदान मला तर नाहीच.

दादाला परवा निकालानंतर फोन केला. म्हटलं काढतो भांडण. निकालावर तो म्हणाला, ‘चालायचंच.’ मग जाता जाता म्हणाला, ‘अरे, तुझी पण चिठ्ठी आलेली.’

म्हणजे मतदार यादीत मी अजून कोल्हापुरात मंगळवार पेठेतच राहतो. कार्यकर्ता येऊन माझ्या नावाची चिठ्ठी देऊन गेला, वहिनींनी ती लाइटबिलांच्या पिशवीत ठेवली. खरं तर परदेशात राहणाऱ्यांनी ६-अ नंबरचा अर्ज वेगळा भरायचा असतो, आणि भरला तरी मत द्यायला पासपोर्ट घेऊन तिथेच हजर व्हावं लागतं. २०२४ च्या लोकसभेला देशभरात अशी नोंद केलेले सुमारे १ लाख १९ हजार होते, प्रत्यक्ष आले तीन हजारांच्या आत, तेही बहुतेक केरळचे. विमानाचं तिकीट काढून बटण दाबायला गेलेली ती माणसं मला एकदा बघायची आहेत. त्यांच्याशी तरी घरचे भांडत असतील.

मी दादाला विचारलं, माझं मत कुणी घातलं नाही ना?

तो इतका हसला की त्याला खोकला आला. ‘बघून सांगतो,’ म्हणाला. तर, मी गुरुवारी मतदान केलं की नाही हे मला अजून नक्की माहीत नाही. केलं असेल तर कुणाला, हेही नाही. एवढी मतं बाळगणाऱ्या माणसाला ही शिक्षा अगदी शोभून दिसते. तो हसला तेव्हा मलाही हसू आलं आणि संक्रांतीपासूनचं ते गळ्यात अडकलेलं जरा खाली गेलं.

मग आज दुपारी बसून, ठरवून, हद्दवाढीवर लिहिलं. नगरपालिकेची महापालिका झाली १९७२ ला, तेव्हापासून शहराची हद्द एक फूट हललेली नाही, आजूबाजूची गावं आत यायलाच पाहिजेत, शहराची बस केएमटी तुमच्या दारात येते ती कुणाच्या तोट्यात, वगैरे. ग्रुपवर शहरालगतच्या उचगावचे मामा आहेत. दादानं अंगठा टाकला. वहिनींनी या वेळी काहीच लिहिलं नाही.

मामांचा व्हॉइस मेसेज आला, चांगला लांब. ‘तिकडं बर्फात बसून आमची गावं वाटायला लागलाईस व्हय?’ इथून सुरुवात. शहरातला कचरा आधी उचला, मग आमच्याकडं बघा. आमच्या जमिनींवर आरक्षणं टाकायची आणि घरफाळा वाढवायचा, एवढंच येतं तुमच्या महापालिकेला. तुला कोण विचारतंय, तू कुठल्या हद्दीत आहेस ते आधी ठरव. मधे मामी ‘अहो, लांब आहे पोरगं’ म्हणतात तेही आलंय, आणि त्यावर मामा, ‘लांब आहे तर लांबच ऱ्हा म्हणावं.’ मी तो मेसेज पुन्हा पुन्हा ऐकला. हिनं शेवटी हेडफोन आणून दिला.

दादानं मामांच्या मेसेजलाही अंगठा टाकलाय. तो वाचतो तरी का काही?

मामांना मी एवढंच कळवलं की पेठेतल्या घराचा घरफाळा दर वर्षी सवलतीच्या मुदतीत मी ऑनलाइन भरतो, पावत्या दाखवू का? आरक्षणाचा त्यांचा मुद्दा मात्र वजनाचा आहे, त्याला उत्तर शोधावं लागेल. तिकडे आता मध्यरात्र उलटून गेली असेल. सकाळी त्यांचं काही आलं नाही तर कामावर जाता जाता फोनच लावतो.